भुऱ्याची सायकल

चंद्रभानला माणसं हसवायची भारी हौस. वावरात कोणी आलं, की तो आधी पाणी पाजायचा आणि लगेच भुऱ्याला हाक मारायचा. भुऱ्या म्हणजे त्याचा कुत्रा. कुत्रा येऊन समोर बसला, की चंद्रभान त्याच्या कानाची कड अंगठ्यानं चोळायचा, आणि भुऱ्याचा मागचा पाय हवेत गरागरा फिरायला लागायचा. "पाह्य, माहा भुऱ्या सायकल चालवते," असं म्हणून पाहुण्याच्या आधी चंद्रभानच हसत सुटायचा. तळेगाव श्यामजी पंतच्या आसपास हा खेळ बऱ्याच जणांनी पाहिलेला. आनंदाबाईला मात्र आता तो आठवायलाही नको वाटतो.

आनंदाबाई ही चंद्रभानची बायको. उंच, काटक, कमी बोलणारी. संत्र्याचा बगीचा नवऱ्यानं लावला, पण बारा महिने तो जगवला तो हिनं. विंचवाला ती भ्यायची नाही, बगीच्यात शिरणाऱ्या रानडुकरांना तर नाहीच. ती भ्यायची फक्त लोकांच्या तोंडाला. या भीतीला कारणही होतं, आणि ते जुनं होतं.

ती लग्न होऊन या घरात आली, तेव्हा गोठ्यात एक माणूस राहत होता. चंद्रभानचा काका, चिंधू. त्याच्या हातापायांची बोटं झडली होती. नव्या नवरीला सासूनं पहिलं काम दिलं ते चिंधूला भाकर नेऊन द्यायचं, तीही वरून टाकायची. घरात त्या रोगाचं नाव कोणी घेत नव्हतं, 'ते' एवढंच म्हणायचे. पण नाव न घेतल्यानं काय झाकतं? चंद्रभानच्या बहिणीची ठरलेली सोयरीक मोडली. मग दुसरी मोडली. शेवटी ती पोरगी एका बिजवराच्या गळ्यात बांधली, आणि ती पुन्हा कधी माहेरी आली नाही. चिंधूला वर्ध्याकडे महारोग्यांच्या वसाहतीत नेऊन सोडलं, तिथं तो सुखानं जगला म्हणतात. रोग त्याला होता. त्याचं मोल मात्र बहिणीनं मोजलं. आनंदाबाईनं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि पदराला गाठ बांधावी तसं बांधून ठेवलं.

मग चार दशकांनी, एका हिवाळ्यात, भुऱ्या हरवला. कोल्ह्यांच्या मागं गेला असेल, बिबट्यानं नेला असेल, असं म्हणून सगळ्यांनी आशा सोडली. चंद्रभाननं नाही सोडली. तो बांधावर उभा राहून हाका मारत राहिला, आणि एका सकाळी भुऱ्या लंगडत परत आला. अंगानं खंगलेला, कानांच्या कडेचे केस उडालेले. चंद्रभाननं त्याला घोंगडीत घेतलं. त्या थंडीत माणूस आणि कुत्रा एकाच घोंगडीत झोपले, आणि ती सवय पडली ती पडलीच. सायकल चालवायचा खेळही त्यानंतरचाच. रानावनात फिरून कुत्रा नवीन काही शिकून आला, असं चंद्रभानला वाटलं. वेडा माणूस.

उन्हाळा लागेपर्यंत चंद्रभानला खाज सुटली. हातांवर, पोटावर, मांड्यांवर बारीक लाल पुरळ. घामोळ्या असतील म्हणून आधी कोणी लक्ष दिलं नाही. मग तो खाजवून खाजवून रक्त काढायला लागला. त्याला साखरेचा आजार, त्यामुळे जखमा लवकर भरत नव्हत्या, आणि ज्या भरल्या त्या जागी पांढरट चट्टे उरले.

पहिला चट्टा सुनेनं पाहिला. मोहिनी पोळी वाढायला वाकली आणि तिला सासऱ्याच्या कोपराखाली तो दिसला. ती तशीच पोळी वाढून आत गेली. पण दुसऱ्या दिवशी चंद्रभानचं ताट वेगळं निघालं. काठाला पोचा पडलेलं एक जुनं स्टीलचं ताट होतं, ते त्याचं झालं, आणि घासून झाल्यावर घरात न येता छपरीतल्या कोनाड्यात राहायला लागलं. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. चंद्रभानला कळलं, आनंदाबाईला कळलं, पोरगा कैलासला कळलं. कळणाऱ्या घरात बोलावं लागत नाही.

नेमकी त्याच दिवसांत नातीची, रुचिकाची, सोयरीक जुळली होती. सिंदी रेल्वेचं घर, बाजारपेठेत दुकान, पोरगा निर्व्यसनी. असं स्थळ वाट चुकून येतं. कैलास रात्रंदिवस एकच म्हणायचा, "लगन पार पडू दे, मंग बाबाले नागपूरले नेतो." तळेगावला नेता आलं असतं. वर्ध्याला, सेवाग्रामला नेता आलं असतं. पण तिथं ओळखीचं कोणी ना कोणी भेटणार, आणि भेटलेला माणूस गावी येऊन सांगणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात ना? त्या मुठीत माणूस गुदमरतो, ते मात्र म्हणीत कुठं येत नाही.

आणि मग जे बोलायला कैलासची जीभ रेटत नव्हती, ते आनंदाबाई बोलली. छपरीत चंद्रभान खाटेवर बसला होता, भुऱ्या पायाशी. ती खांबाला टेकून उभी राहिली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मी म्हणतो, लगन होईस्तोवर तुमी वावरातच ऱ्हा. पाहुणेरावळे येतीन. कोणाच्या नजरेले नोको पडाले."

चंद्रभाननं आपले हात उलटसुलट करून पाहिले.

"चिंधूकाकासारखं?" त्यानं विचारलं.

आनंदाबाई खाटेवरच्या घोंगडीची घडी घालायला लागली.

"हाव, बरोबर हाय तुयं," तो म्हणाला. "पोरीचं वाटोळं नोको व्हाले." आणि उठून घोंगडी खांद्यावर टाकली. भुऱ्या लगेच त्याच्यापुढं चालायला लागला.

कैलासनं बगीच्याच्या टोकाला झोपडी घालून दिली. चांगली घातली, वर ताडपत्री, आत खाट. बापाला त्यानं उघड्यावर नाही टाकलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पण झालं काय, की ज्या कुत्र्याजवळून चंद्रभानला खाज लागत होती, त्याच कुत्र्याच्या कुशीत घरानं त्याला नेऊन ठेवलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायला कोणाची तयारीही नव्हती.

गावातली आशाताई घरोघर येऊन चट्टे तपासायची. दरवर्षीच यायची. ती अंगणात आली, तेव्हा आनंदाबाईनं पुढं होऊन हात दाखवले, पाठ दाखवली.

"आन् काका?" आशाताईनं विचारलं.

"सिंदीले गेले. सोयऱ्याइकडे."

आशाताईनं खडूनं दारावर खूण केली आणि पुढं गेली. आनंदाबाईला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं. आपण फार हुशारीनं निभावलं, असंही वाटलं.

लग्न झालं. रुचिकाचे आबाजी डोळ्याच्या ऑपरेशनला नागपूरला गेले, असं वऱ्हाडाला सांगितलं. रुचिकाला खरं माहीत होतं. हळद लागल्यावर ती वावराकडे निघाली, तर मोहिनीनं तिला दारातच अडवलं. चंद्रभाननं तानबाच्या हाती टोपलीभर संत्री पाठवली, निवडून निवडून काढलेली. तानबा हा त्याचा बालपणापासूनचा जोडीदार, आणि झोपडीकडे जाऊन बसणारा गावातला एकटाच माणूस. ती टोपली वऱ्हाडाला वाटली, कोणाची म्हणून न सांगता.

लग्नानंतर त्याला घरी आणायचं ठरलं होतं. मग कैलास म्हणाला, जावयाची पहिली दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली. मग पौष लागला, आणि चंद्रभानच्या पायाच्या जखमा चिघळल्या, त्याला ताप भरला. आनंदाबाई हळद-तेल लावायची, तापाच्या गोळ्या द्यायची. दवाखान्याचं तिनं एकदा काढलं. चंद्रभानच नाही म्हणाला. "पोरगी नवीन हाय त्या घरात. अजून रुळली नाई. राहू दे." एका सकाळी ती भाकर घेऊन गेली, तर भुऱ्या रोजच्यासारखा सामोरा आला नाही. तो खाटेवर, मालकाच्या अंगाला अंग लावून पडला होता, आणि मालक गार झालेला होता.

संध्याकाळपर्यंत कैलासनं झोपडी जाळली. खाट, अंथरूण, सदरे, सगळं. घोंगडी तेवढी भुऱ्यानं तोंडात धरून संत्र्यांच्या झाडांत नेली होती, म्हणून ती वाचली.

त्यानंतर भुऱ्याचे केस झपाट्यानं जायला लागले. कोपरं उघडी पडली, मग पोट, मग तोंड. कातडी हत्तीच्या पाठीसारखी जाड आणि सुरकुतलेली. दिवसभर खाजवायचा, रात्री भिंतीला अंग घासायचा. गाव म्हणालं, मुक्या जनावरानं मालकाचा सोस घेतला, त्याच्या जाण्यानं झुरणीला लागलं. आनंदाबाईला ते ऐकून बरं वाटायचं. खरंच बरं वाटायचं. तिला स्वतःला मोकळेपणी रडताही आलं नव्हतं, कारण रडलं की लोक विचारणार, काय झालं होतं हो? ती भुऱ्याजवळ जाऊन बसायची आणि म्हणायची, "तू तरी सोस घे बाप्पा." औषधपाण्याचं तिच्या मनातही आलं नाही. सोसाला कसलं औषध?

कैलासनं ट्रॅक्टरचं जळकं ऑइल आणि गंधक फासून पाहिलं. कातडी भाजून निघाली, बाकी काही नाही. मग त्याच्या डोक्यात वेगळंच शिरलं. एका दुपारी जेवताना तो म्हणाला, "माय, हे सोसाचं नोय. बाबाचंच लागलं त्याले. रुचिका येऊन राह्यली बाळंतपणाले. थे येच्या आंधी कुत्रं गेलं पाह्यजे."

"गेलं म्हंजे कुठी?"

कैलासनं मान खाली घातली. "भाकरीत औषध घालतो. तरास नाई होनार त्याले."

फवारणीच्या औषधानं किती त्रास होतो, ते कापसाच्या मुलखातल्या माणसाला सांगायला नको. आनंदाबाईचा घास हातात राहिला. एक माणूस तिनं लोकांच्या तोंडापायी बाहेर काढला होता. त्याचं मागं उरलेलं एवढंच होतं, आणि तेही आता त्याच वाटेनं निघालं होतं.

"एक डाव डॉक्टरले दाखवू दे," ती म्हणाली. "थ्यानं नाई म्हटलं, तं मी माह्या हातानं भाकर घालीन."

बसमध्ये असला कुत्रा कोण घेणार? तानबानं बंडी जुंपली. भुऱ्याला घोंगडीवर निजवलं आणि तळेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं बकऱ्या घेऊन आलेल्या बायका भुऱ्याला पाहून बाजूला सरकल्या. आनंदाबाई त्यांच्याकडे बघत उभी राहिली. बाजूला सरकणं कसं असतं, ते ती पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूनं पाहत होती.

डॉक्टरीण तरुण होती, नागपूरकडची. हातमोजे घालून तिनं भुऱ्याला डोक्यापासून शेपटापर्यंत पाहिलं. "आधी कुठले केस गेले, आजी?"

"कानाच्या कडेचे. मंग कोपराचे. लय दिवस झाले."

डॉक्टरणीनं भुऱ्याच्या कानाची कड बोटांत धरून चोळली. भुऱ्याचा मागचा पाय हवेत गरागरा फिरायला लागला.

कितीतरी दिवसांनी आनंदाबाईच्या तोंडावर हसू आलं. "सायकल चालवते थो," ती म्हणाली. "मालक म्हने, रानातून शिकून आला."

"शिकला नाही, आजी. खाजेनं होतं ते. कान चोळला आणि पाय हलला, की आम्हाला आधी खरजेचाच संशय येतो."

तिनं कोपरावर तेलाचा थेंब टाकून पात्यानं कातडी खरवडली, काचेवर घेतली आणि यंत्राखाली धरली. मग आनंदाबाईला बोलावलं. आनंदाबाईनं एक डोळा मिटून पाहिलं. गोल अंगाचा, आखूड पायांचा, गोचिडासारखा एक किडा उजेडात वळवळत होता.

"हा कातडीच्या आत बिळं करून राहतो," डॉक्टरीण म्हणाली. "खरजेचा किडा. कोल्ह्या-कुत्र्यांकडून लागतो. सोस नाही, शाप नाही, काही नाही. दोन-तीन इंजेक्शनं लागतील, अंग धुवायला औषध देते. अंथरूण उकळत्या पाण्यातून काढा. पुन्हा केस येतील याला." ती हात धुवायला वळली आणि वळता वळता रोजचा प्रश्न विचारावा तसं तिनं विचारलं, "घरात कोणाला खाज येते का? हातांवर, पोटावर पुरळ? याच्याजवळ झोपणाऱ्या कोणाला?"

तानबा खाली बघायला लागला.

"येत होती," आनंदाबाई म्हणाली.

"आता?"

"आता नाई येत."

"चांगलं झालं. माणसाच्या अंगात हा किडा फार दिवस टिकत नाही. कुत्र्यापासून लांब राहिलं आणि कुत्र्याला औषध दिलं, की खाज बहुतेक आपोआप जाते. नाहीच गेली, तर माणसांच्या दवाखान्यात मलम मिळतं."

आनंदाबाईनं टेबलाची कड धरली. "त्यानं पांढरे चट्टे पडते का, बाई?"

"खाजवून जखमा झाल्या आणि भरल्या, की तेवढी जागा पांढरी दिसते कधी कधी. काळजी नका करू."

"आन् महारोग?"

"तो खाजत नाही, आजी. त्याचा चट्टा बधिर असतो, टोचलं तरी कळत नाही. आणि झाला तरी आता गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. भिंतीभिंतीवर लिहिलंय की."

बंडी परतीला लागली. गावात शिरताना शाळेची भिंत लागते. तिच्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, न खाजणारा, न दुखणारा चट्टा दिसला तर तपासून घ्या. आनंदाबाईला वाचता येत नाही. पण रुचिका लहानपणी शाळेतून येताना ते मोठ्यानं वाचायची, घरी येऊनही पाठ म्हणायची, आणि चंद्रभान तिला शाबासकी द्यायचा. सगळ्या घरानं ते ऐकलेलं होतं.

भिंत मागं पडल्यावर तानबा म्हणाला, "मले एक डाव म्हने चंद्रभान, 'लय खाजते रे. पर भुऱ्या आंगाले आंग लावून झोपला, का एकटं वाटत नाई.'"

आनंदाबाईनं तोंडात पदर कोंबला आणि ती रडली. नवरा गेल्यापासूनचं सगळं रडली. बैल आपले चालत राहिले.

कैलास दारातच उभा होता. "काय निघालं?"

"खरूज. कुत्र्याची. इंजेक्शनानं जाते."

"मंग बाबाले?"

"थेच."

कैलास पायरीवर बसला. मोहिनी आत चुलीपाशी उभी होती, तिच्या हातातलं उलथनं हललं नाही. मग कैलास उठला, आईजवळ आला आणि हळूच म्हणाला, "माय, कोणाले सांगू नोको. रुचिकाच्या सासरी कळलं, तं काय म्हणतीन थे? म्हणतीन, यायनं फुकट बुढ्याले..."

त्याच्यानं वाक्य पुरं झालं नाही. आनंदाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. पोराचा राग यावा, तर तोंड आपलंच होतं. हेच बोलणं तिनं त्याला शिकवलं होतं. ती छपरीत गेली, कोनाड्यातून पोचा पडलेलं ताट काढलं, पदरानं पुसलं आणि आत येऊन मोहिनीसमोर धरलं. "याच्यात वाढ मले," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती त्याच ताटात जेवते.

भुऱ्याला इंजेक्शनं दिली. घोंगडी उकळून वाळवली. रुचिका येईपर्यंत त्याच्या पाठीवर मऊ, भुरे केस आले होते, कानांच्या कडाही भरल्या होत्या. रुचिकाला सोडायला जावई आले होते, तिची सासूही बरोबर होती. छपरीत चहा झाला. पोटुशी पोर हळूच खाली बसली, भुऱ्याला जवळ ओढलं आणि आबाजी करायचे तसा त्याचा कान चोळायला लागली. "हे पाहा हं," ती नवऱ्याला म्हणाली. "आमच्या आबाजीचा कुत्रा सायकल चालवते."

भुऱ्या शांत बसून राहिला. रुचिकानं दुसरा कान चोळला. भुऱ्यानं तिचा हात चाटला, पाय काही हलला नाही.

"आजी, सायकल विसरला वाटते हा."

कैलासनं आईकडे पाहिलं आणि मान हलवली. नको, म्हणून. आनंदाबाईनं ते पाहिलं. मग जावयाच्या आईपुढं धरायचा पदर तिनं डोक्यावरून खांद्यावर येऊ दिला आणि रुचिकाजवळ खाली बसली.

"विसरला नाई, माय," ती म्हणाली. "बरा झाला थो. तुह्या आबाजीले तेच झालं होतं. महारोग नव्हता त्याह्यले. मी त्याह्यले वावरात काढलं." कैलास उठून अंगणात गेला. विहीणबाईनं कप खाली ठेवला. आनंदाबाई थांबली नाही. चिंधूकाकापासून सुरुवात करून तिनं सगळं सांगितलं.